भोंगा कसा वाजवावा? (अर्थात सिंथेसायझरची तोंडओळख)

सुरुवातीलाच सांगून टाकते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. शाळेत मराठी बोललं की पाच रुपये दंड होता आणि ऱ्हस्व-दीर्घ म्हटलं की मला अजून घाम फुटतो. पण मराठी विभागाची संपादिका नेमकी माझ्याच विंगमध्ये राहते, त्यामुळे सुटका नव्हती. "कविता भरपूर आल्यात, तू काहीतरी टेक्निकल दे," असं तिने मेसच्या रांगेत बजावलं. तर हे घ्या टेक्निकल.

दुसरं म्हणजे एक कबुलीजबाब. दिवाळीच्या सुट्टीआधी एकदा रात्री साडेअकराला लेडीज हॉस्टेलमध्ये भोंगा वाजला होता, आठवतंय? रेक्टर मॅडम गाऊनवरच खाली आल्या आणि फर्स्ट इयरच्या मुलींनी आग लागली म्हणून जिना गाठला. ती मी होते. हेडफोनची पिन अर्धवट बसली होती. सॉरी!

झालं असं. गॅदरिंगच्या एकांकिकेत गिरणगावातल्या एका चाळीची गोष्ट होती आणि पडदा उघडताना गिरणीचा भोंगा हवा होता. आमचे डायरेक्टरसाहेब (मेकॅनिकल, बीई, दोन विषय राहिलेले) मला म्हणाले, "तुला कॅसिओ वाजवता येतो ना, मग साउंड तुझा." नेटवर शोधलं तर जे सापडलं ते सगळं अमेरिकन पोलिसांच्या गाडीसारखं. तेव्हा एका सीनिअरने सांगितलं, डाऊनलोड कशाला करतेस, बनव! आणि मला सर्ज एक्सटी नावाचं सॉफ्टवेअर दिलं.

हा सॉफ्टवेअर सिंथेसायझर आहे. म्हणजे जे काम पूर्वी पेटीएवढं यंत्र करायचं ते काम लॅपटॉप करतो. सर्ज २००५च्या सुमारास विकत मिळायचं. ज्याने ते लिहिलं त्या क्लास योहान्सनने २०१८ साली सगळा सोर्स कोड खुला करून टाकला. नंतर जगभरातल्या हौशी लोकांनी त्यात भर घालून २०२२ मध्ये सर्ज एक्सटी काढलं. पूर्ण फुकट. विंडोज, मॅक, लिनक्स, सगळ्यांवर चालतं. क्रॅक शोधायची गरज नाही, त्यामुळे व्हायरसही नाही.

पहिल्यांदा उघडल्यावर मात्र विमानाच्या कॉकपिटमध्ये बसवल्यासारखं वाटतं. शंभरेक स्लायडर! मी पहिले दोन दिवस नुसते तयार आवाज (त्यांना पॅच म्हणतात) वाजवत बसले आणि दिसेल तो स्लायडर हलवला. दोन दिवसांनी मला शून्य येत होतं. कुठला आवाज हवाय हेच डोक्यात नसेल तर स्लायडर हलवून काहीही कळत नाही, हे माझं ठाम मत झालंय. मला शिकवलं ते भोंग्याने. खरं म्हणजे आजोबांनी.

माझे आजोबा १९६७ पासून परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. साचा म्हणजे माग. आधी बदली कामगार, मग कायम. १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. आजोबा परत गिरणीत गेले नाहीत. नंतर वॉचमनची नोकरी, मग डोंबिवली. या विषयावर ते फारसं बोलत नाहीत. पण भोंग्याबद्दल विचारलं आणि फोनवर पाऊण तास बोलले.

आता मुद्द्यावर येते. सर्ज उघडा आणि टेम्प्लेट्समधून 'इनिट सॉ' निवडा. खाली पियानोची पट्टी दिसते, तिच्यावर क्लिक करा. कानाला करवत लावल्यासारखा आवाज येईल. हा ऑसिलेटर. बाकी सगळं सामान या कच्च्या मालावर प्रक्रिया करायला आहे.

ऑसिलेटरचा वेव्हफॉर्म म्हणजे आपण मॅथ्स थ्रीमध्ये रडत रडत केलेली फूरिए सिरीज! मला हे कळलं तेव्हा जरा रागच आला, कारण सरांनी हे ऐकवलं असतं तर माझे दहा मार्क वाढले असते. ११० हर्ट्झची सॉटूथ वाजवली तर तिच्यात ११०, २२०, ३३०, ४४० असे सगळे हार्मोनिक्स असतात, दुसरा निम्म्या ताकदीचा, तिसरा एक तृतीयांश, असे उतरत जाणारे. स्क्वेअरमध्ये फक्त विषम, म्हणजे ११०, ३३०, ५५०. ट्रँगलमध्येही विषमच, पण ते वर्गाच्या प्रमाणात पटापट लहान होतात म्हणून ती मऊ लागते. साइनमध्ये एकच. मेनूत एक ऑसिलोस्कोपही आहे, त्यात स्पेक्ट्रम उघडून हे हार्मोनिक्स डोळ्यांनी बघा. लॅबमधल्या सीआरओपेक्षा बरा आहे, निदान प्रोब तुटलेला नसतो.

मी सॉटूथच घेतली, कारण ती समोर होती. पिच हळूहळू वर चढवला, मग खाली आणला आणि फोनवर आजोबांना ऐकवला.

"हा लढाईचा भोंगा गो," आजोबा म्हणाले. "एकाहत्तर साली ब्लॅकआउट व्हायचा ना, काचांना काळे कागद लावायचो, तेव्हाचा. गिरणीचा असा रडत नसे."

"मग कसा होता?"

"सरळ. एका सुरात. पोटातून यायचा."

'पोटातून' हा कुठला स्लायडर? आता जरा भोंग्याचं इंजिनिअरिंग. वाफेचा भोंगा म्हणजे एका बाजूने बंद असलेली नळी. खालच्या फटीतून वाफ जोरात येऊन नळीच्या कडेवर आदळते आणि आतला स्तंभ कंप पावतो. एका बाजूने बंद असलेल्या नळीत विषम हार्मोनिक्सच जोरात असतात, हे आपण अकरावी-बारावीच्या फिजिक्समध्ये केलंय (ट्यूनिंग फोर्क आणि पाण्याची नळी, तेच). म्हणजे सॉटूथ मुळातच चूक! 'इनिट स्क्वेअर' घेतली आणि पहिल्यांदा तो आवाज भोंग्याच्या घराण्यातला वाटला. मी एकटीच रूममध्ये ओरडले.

पण फोनवर आजोबांना काहीच कळेना. याचंही कारण आहे. फोनचा स्पीकर एवढासा, ११० हर्ट्झ त्याच्या आवाक्याबाहेर. वर आजकालचे फोन एकसुरी आवाज हा पंख्याचा समजून दाबून टाकतात. दोन सेकंदांत भोंगा गायब आणि माझा "आजोबा, ऐकू येतंय का?" तेवढा पोचायचा. लॅपटॉपच्या स्पीकरचंही तेच. म्हणून पहिली सूचना: हेडफोन वापरा. आणि आधी व्हॉल्यूम कमी ठेवा, कानाची वॉरंटी नसते. (पिन नीट बसवा हे वेगळं सांगायला नको.)

शेवटी दिवाळीच्या सुट्टीत लॅपटॉप घेऊन घरी गेले. आजोबांच्या कानाला हेडफोन लावला, त्यांनी डोळे मिटले आणि आमची लॅब सुरू झाली.

"सुरू होताना असा एकदम नाही लागायचा," ते म्हणाले. "आधी खाली, मग चढायचा नि मग बसायचा. बंद होताना परत खाली यायचा."

याला एन्व्हलप लागतो. आवाज वेळेनुसार कसा बदलेल ते एन्व्हलप ठरवतो. त्याचे चार भाग: अटॅक, डिके, सस्टेन, रिलीज. की दाबल्यावर पूर्ण उंचीला पोचायला लागणारा वेळ तो अटॅक. तिथून खाली उतरून स्थिरावायचा वेळ तो डिके. दाबून धरलेलं असताना जी पातळी राहते ती सस्टेन. सोडल्यावर विझायला लागणारा वेळ रिलीज. लक्षात घ्या, तीन गोष्टी वेळ आहेत आणि सस्टेन ही पातळी आहे. व्हायव्हात विचारण्यासारखा प्रश्न आहे हा. तबल्याचा अटॅक जवळजवळ शून्य आणि सस्टेनही शून्य, पेटीचा सस्टेन भात्यात हवा असेपर्यंत पूर्ण.

सर्जमध्ये दोन एन्व्हलप शेजारी शेजारी दिसतात. अँप ईजी आवाजाची पातळी सांभाळतो. फिल्टर ईजी नावाप्रमाणे फिल्टरसाठी आहे, पण तो कुठेही जोडता येतो, आणि सिंथेसायझरची खरी मजा या 'कुठेही जोडता येतो'मध्ये आहे. मी सगळ्यांच्या मिळून असलेल्या पिच स्लायडरला पाच सेमिटोन खाली ओढलं, मग फिल्टर ईजी त्या पिचला जोडून पाच सेमिटोन वर ढकलायला सांगितलं. अटॅक दीड सेकंद, सस्टेन पूर्ण, रिलीज दोन सेकंद. आता की दाबली की सूर खालून चढतो आणि जागेवर बसतो. खऱ्या भोंग्यात हे का होतं? सुरुवातीला नळीत थंड हवा असते. वाफ भरत जाते तसा ध्वनीचा वेग वाढतो, कारण गरम वाफेत तो हवेपेक्षा जास्त असतो, आणि सूर चढतो. झडप बंद करताना दाब पडतो, सूरही पडतो. आजोबांना हे समीकरण माहीत नव्हतं, पण कान बरोबर होता.

इथे मी एका चुकीवर अख्खी संध्याकाळ घालवली, ती तुमची वाचवते. की सोडल्यावर सूर खाली येतच नव्हता, आवाज कट्‌कन बंद. फिल्टर ईजीचा रिलीज वाढवून वाढवून थकले. घोळ दुसरीकडे होता: अँप ईजीचा रिलीज शून्य होता. सूर पडत होता, पण तो ऐकवणारा आवाजच आधी मेलेला! अँपचा रिलीज पिचच्या रिलीजपेक्षा जास्त ठेवा. मी तीन सेकंद ठेवला आणि आजोबा "हां" म्हणाले. पहिला "हां".

मग म्हणाले, "एकच नव्हता पण. आमचा वाजला की बाजूच्यांचा वाजे, मग लांबचा. कुठल्या गिरणीचा ते आम्ही झोपेत सांगू. सगळे एकत्र झाले की हवा हलायची."

हवा हलायची! हे बीट्स. ११० आणि १११ हर्ट्झ एकत्र वाजले की सेकंदाला एकदा आवाज फुगतो नि बसतो. दुसरा ऑसिलेटर चालू केला आणि त्याचा पिच ०.१६ सेमिटोन वर नेला, म्हणजे ११०ला साधारण एक हर्ट्झचा फरक. तिसरा ऑसिलेटर तीन सेमिटोन खाली, मिक्सरमध्ये त्याची पातळी कमी. लांबची गिरणी. एक किलोमीटरवरचा आवाज तीन सेकंद उशिरा पोचतो, त्यासाठी इफेक्ट्समध्ये डिले आणि थोडा रिव्हर्ब टाकला. इफेक्ट्सबद्दल जास्त लिहीत नाही. ते मसाल्यासारखे आहेत आणि नवशिके (मी धरून) नेहमी जास्त टाकतात.

एलएफओबद्दलही एवढंच की तो ऐकू न येण्याइतका संथ ऑसिलेटर असतो आणि दुसरं काहीतरी हलवायला वापरतात. पिचला जोडला की व्हायब्रेटो, पातळीला जोडला की ट्रेमोलो. भोंग्याला तो लागला नाही.

लागला तो फिल्टर, आणि इथेच गोष्ट वेगळीकडे गेली.

लो पास फिल्टर आपल्या आरसी सर्किटचाच मोठा भाऊ. कटऑफच्या खालचं सोडतो, वरचं कापतो. सर्जमध्ये 'एलपी २४ डीबी' निवडलं तर कटऑफच्या वर दर ऑक्टेव्हला २४ डीबी घट. लांबचा आवाज बोदा का वाटतो? हवा वरच्या फ्रीक्वेन्सी आधी खाते. म्हणून लांबची गिरणी हवी तर कटऑफ खाली आणा. शेजारचा रेझोनन्स कटऑफच्या आसपासचा भाग उचलून धरतो. तो वाढवून कटऑफ फिरवला की 'ववाऽऽव' असा ओला आवाज येतो. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' रेकॉर्ड केलं, त्यात रोलँड टीबी-३०३वर हाच कटऑफ-रेझोनन्सचा खेळ आहे. ज्या वर्षी आजोबांची गिरणी बंद पडली त्याच वर्षी, त्याच शहरात. असो. रेझोनन्स पूर्ण नेऊ नका, किंचाळतो.

आजोबांची पुढची तक्रार होती, "फुसकारा नाही यात. वाफ सुटायची ना आधी. फुस्स्स करून, मग आवाज."

सोपं होतं. मिक्सरमध्ये नॉइज नावाचा स्लायडर आहे. नॉइज म्हणजे सगळ्या फ्रीक्वेन्सींची खिचडी, अगदी वाफेसारखी. चालू केला.

"आला?"

"नाही."

वाढवला. "आता?"

"कुठे गो?"

अजून वाढवला. माझ्या लॅपटॉपवर लेव्हल मीटर वर गेलेला दिसत होता. हेडफोन काढून मी स्वतःच्या कानाला लावला आणि लगेच दूर केला. कुकरची शिट्टी डोक्यात सुटल्यासारखं! आजोबा मात्र शांत बसले होते.

मला वाटलं एक कान बिघडलाय हेडफोनचा. दोन्ही तपासले. मग नुसता नॉइज ठेवला, तोही हळू करून, आणि फिल्टरचा कटऑफ १२,००० हर्ट्झपासून हळूहळू खाली आणत गेले. बदल वाटला की सांगा म्हटलं. १०,०००. ८,०००. ५,०००. मला प्रत्येक पायरीला आवाज बोदा होताना कळत होता. आजोबा मान हलवून नाही म्हणत होते. ३,०००च्या जवळ आल्यावर म्हणाले, "आता जरा बारीक झाला."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. टीव्ही मोठा लावतात, हाक मारली की ओ देत नाहीत, मुद्दाम करतात, असं आमच्या घरात सगळे म्हणायचे. मीसुद्धा म्हणायचे. साचेखात्यात शेकडो माग एका वेळी खडखडायचे, शेजारच्याशी खुणेने बोलायला लागायचं, आणि कानाला काही बांधायची पद्धत नव्हती. इतक्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलं की आधी ४,००० हर्ट्झच्या आसपासचं ऐकणं जातं. त्यात वयाची भर. वयाने वरचं आधी जातं. आणि मराठीतले स, श, फ हे वरच्या पट्ट्यातच राहतात. 'साखर' म्हटलं की आजोबांना नुसतं 'आखर' पोचत असणार. ते अंदाजाने उत्तर देत होते आणि आम्ही हसत होतो.

ज्या फुसकाऱ्याची ते मला आठवण करून देत होते तो त्यांना आता ऐकूच येत नव्हता.

पुढच्या आठवड्यात आईने त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. ऑडिओग्राम म्हणून एक आलेख देतात, तिने मला फोटो पाठवला. डावीकडे बरी सपाट रेघ आणि मग उजवीकडे घसरण. सिग्नल्सचा पेपर दिलेल्या कोणीही सांगितलं असतं हा लो पास फिल्टर आहे म्हणून. यंत्र लावायला आजोबा अजून तयार नाहीत, बोलणी चालू आहेत.

त्या दिवशी मात्र मला फुसकारा द्यायचाच होता. सर्जमध्ये नॉइज कलर नावाचा स्लायडर आहे. उजवीकडे नेला की नॉइज चरचरीत, डावीकडे नेला की जाडा, समुद्राच्या गाजेसारखा. मी तो बराच डावीकडे नेला, म्हणजे नॉइजची ताकद आजोबांच्या पट्ट्यात आली. मग सूर जरा उशिरा यावा म्हणून ऑसिलेटरच्या पातळ्या आधी शून्यावर आणून फिल्टर ईजीला जोडल्या आणि नॉइज तेवढा मोकळा सोडला. आधी वाफ, मग आवाज. माझ्या कानाला तो बादलीत नळ सोडल्यासारखा लागत होता.

आजोबांनी डोळे उघडले नाहीत. "हां. पहिल्या पाळीचा," म्हणाले. "परत लाव." मी एकूण सहा वेळा लावला. सातव्यांदा आजी आतून ओरडली की आता कामावर जा तरी एकदाचे!

पॅच सेव्ह करायला विसरू नका. स्टोअरवर क्लिक करून नाव द्या. मी एकदा न देता झाकण बंद केलं आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं, पण त्यामुळेच पाठ झालं.

नाटकात दुसरा, चरचरीत वाफेचा पॅच वापरला. हॉलच्या मोठ्या स्पीकरवर खालचे सूर इतके घुमले की पहिल्या रिहर्सलला विंगेतला बल्ब थरथरला. शेवटी ८० हर्ट्झच्या खालचं हाय पास लावून कापलं. म्हणजे ज्या स्पीकरवर वाजणार त्याच्यावर आधी ऐका, हेडफोनवर समाधान मानू नका. आमच्या नाटकाचा नंबर आला नाही. परीक्षकांनी लाइट्सवर टीका केली, साउंडबद्दल काहीच बोलले नाहीत. लाइट्सवाल्याला मी तीन दिवस चहा पाजला.

दोन्ही पॅच माझ्या पेनड्राइव्हवर आहेत, 'भोंगा नाटक' आणि 'भोंगा आजोबा' या नावांनी. कोणाला हवे असतील तर लायब्ररीत संध्याकाळी सहानंतर भेटा. येताना हेडफोन आपापले आणा.